स्टोअररूममधली उशी

३ जून, सकाळ
आमच्या ॲम्ब्युलन्स कंट्रोल रूममध्ये 'राग व्यवस्थापन प्रमुख' नेमणार. कायमची दिवसपाळी. माझ्याशिवाय आहे कोण? बाकी सगळे नाकावर राग घेऊन बसलेले. मी काल एकदाच फोन आपटला, तोही स्वतःचा.
दिवसपाळी मिळाली की संध्याकाळी लेकीचं गणित मी घेणार. हल्ली ती पुस्तक घेऊन आईकडे जाते. आईला अपूर्णांक येत नाहीत, तरी. जरा वाईट वाटतं.

५ जून
साहेबांनी विचारलं, राग आला की काय करता? म्हटलं, येतच नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी आवाज चढवावा लागला. त्यांना कमी ऐकू येत असावं.

८ जून
नामी युक्ती! घरची उशी नेली. स्टोअररूममध्ये वायरलेसचे जादा सेट ठेवतात, त्या फळीवर टाकली. डोकं फिरलं की आत जायचं, दार लावायचं, उशीवर ओणवं होऊन मन मोकळं करायचं. बाहेर येताना धुतल्या तांदळासारखा.

१० जून
उशीला सांगितलं की साहेब म्हणजे बुजगावणं, शेजारची ऑपरेटर बाई म्हणजे कटकट आणि सात नंबर गाडीचा ड्रायव्हर म्हणजे गोगलगाय. गंमत म्हणजे सात नंबर आज भलतीच वेळेत पोचली. माझ्या शांतपणाचा परिणाम.

१२ जून
एका ड्रायव्हरने अदबीने विचारलं, आज दुपारचा कार्यक्रम आहे ना? त्याप्रमाणे चहाला थांबणार म्हणाला. कसला ते कळलं नाही. हो म्हटलं. लोकप्रियता वाढते आहे.

१५ जून
घात झाला. उशीखाली एक सेट चालू होता. मी ओणवा झालो की त्याचं बटण दाबलं जायचं आणि मी सगळ्या गाड्यांत ऐकू जायचो. साहेबांच्या टेबलावरसुद्धा. एक पेशंट म्हणे हॉस्पिटलच्या दारात उतरेना, पुढचं ऐकायचं होतं.
प्रमुखपद ऑपरेटर बाईला. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसूनही ती हसते, हीच म्हणे तिची पात्रता. तिचा पहिला विद्यार्थी मी. तिचा वर्ग सुरू होईपर्यंत सक्तीची रजा.
रात्री बायकोला सगळं शांतपणे सांगितलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे का लागले, देव जाणे.

१६ जून, संध्याकाळ
लेक आपणहून गणिताचं पुस्तक घेऊन आली. शांत माणूस पोरांना बरोबर कळतो. ऊर भरून आला.
तिने पेन्सिलीला टोक केलं, पुस्तक उघडलं आणि माझ्या पुढ्यात उशी ठेवली. म्हणाली, बाबा, तू आधी ओरडून घे, मग आपण अपूर्णांक करू.
आणि बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं.