ओटी घेऊन विमानात

मुंबई, ६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईस,
पुष्पांजलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं की तू हाव हाव करतेस आणि फोन ठेवल्यावर बाबांना विचारतेस, पोरगी काय म्हणत होती. म्हणून हे पत्र. सावकाश वाच. माझ्याच साक्षरता वर्गात शिकलीस, तेव्हा अक्षर लागत नाही ही सबब चालणार नाही.

कोकिळाताईला डॉक्टरांनी प्रवास मना केलाय, भाऊजी सीमेवर. पहिल्या बाळंतपणाला माहेरचं माणूस जवळ हवं, आणि गुवाहाटीपर्यंत रेल्वेने गेलीस तर तुझे पाय सुजतील. विमानच बरं.

मुंबईच्या विमानतळाला दोन टर्मिनल आहेत, एकमेकांपासून लांब. कुठलं, ते तिकिटावर असतं. रिक्षात बसण्याआधी पाहावं. मी दारापर्यंत येईन, पण आत तिकीट असलेल्यालाच सोडतात. आधार कार्ड हातात ठेव. अडकित्ता आणि लोणचं मोठ्या बॅगेत टाक. सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत नको. त्यात तेल असतं, चट्‌कन पेटतं. पाण्याची बाटली रिकामी ने, आत भरता येते. गेटचा नंबर ऐनवेळी बदलतो, फळ्यावर पुन्हा पाहा.

आणि विचारायला लाजू नकोस. लुगडं नेसलेल्या बाईचाही तिथे इतरांएवढाच हक्क आहे.

बाबांना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
पुष्पांजली

वडनेर भोलजी, १३ जानेवारी २०२५

चि. पुष्पांजलीले आईचा आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. तुह्या बाबाले वाचून दाखोलं तं म्हणतात, पोरगी शिकली काय, आपली मास्तरीणच झाली. ढोरं त्यायच्यावर सोडून जातो तं रोज पुसतात, विमानात खिडकी उघडता येते काय.

मले विमानाचं भेव नाही वाटत. त्या दारातून पुढं एकटीनं जाचं वाटते. कोणी इंग्रजीत बोललं अन् मले माघारी धाडलं, तं कोकिळा तिथं एकटी पडन. कधी वाटते, नाहीच जाव. मंग रातभर तिचंच तोंड डोयापुढं येते.

शेजारची राबिया म्हणे, चाची, माह्या खालाजान हजले निघाल्या तवा अशाच रडत होत्या, आता तं विमानाच्याच गोष्टी सांगतात.

मी येतो. खोबरं बॅगेत टाकत नाही. तब्येतीले जप, माया ठेव.

तुही आई,
झुंबरबाई

गुवाहाटी, २ फेब्रुवारी २०२५

चि. पुष्पांजलीले आईचा लाख आशीर्वाद.

काचेच्या पल्याड तू हात हालवत होती, तवर मी धीट होती. मंग तपासणी आली. पडद्यामांगं त्या बाईनं हात फिरवला अन् कंबरेपाशी थांबली. हिंदीत पुसलं, ये क्या है. म्या सांगतलं, ओटी हाय.

तू रागावशीन. पण तू बॅगेचं लिहिलं होतं. ओटी सामान असते काय? निंघताना गावच्या बायायनं भरली, लेकीच्या घरी जायेपर्यंत सोडाची नसते. त्यात तांदूळ, सुपारी अन् खोबऱ्याची वाटी. बाई म्हणे, चावल ले जाओ, खोबरा नहीं जाएगा. अशी वेळ, अन् ओटी मोडाची? माघारी फिराव, असंही मनात आलं.

मंग म्या पुसलं, इथंच खाल्लं तं चालते काय. ती हासली, म्हणे, खाओ. मांगच्या रांगेत एक पोटुशी बाई होती. अर्धं तिले देल्लं. तिले मराठी येत नव्हती, पण तिनं पदर पसरून घेतलं. माहं मन हलकं झालं.

गेटचा नंबर खरंच बदलला. म्या दोघायले पुसलं. दोघायनंही नीट सांगतलं.

इथं आली अन् दुसऱ्याच दिवशी कोकिळेच्या कळा सुरू झाल्या. जावई फोनवरही भेटेनात. दवाखान्यातली नर्स दारात येऊन पुसे, पेशंटच्या घरचं कोण हाय. मी दारापाशीच उभी होती, बाकावर बसलीच नव्हती.

पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. नर्सनं पोरगी पुढं केली तं कोकिळेनं आधी माहा हात धरला, मंग पोरीकडं पाह्यलं.

तुही परीक्षा झाली की भाचीले पाहाले ये. आमच्यावरची माया पातळ करू नको.

तुही आई,
झुंबरबाई