डावीकडची सीट

७ मे २००६, रविवार

गाडी विकायची. ठरलं. आता मागे फिरायचं नाही.

काल दुपारी जेवून माझा जरा डोळा लागला, तेवढ्यात विनया पोर्चमध्ये जाऊन गाडीत बसली. काचा बंद, वरून ऊन रणरणतंय. बिमला भांडी घासायला आली म्हणून तिला दिसली, नाहीतर — पुढचं लिहवत नाही. बाहेर काढली तेव्हा तोंड लालबुंद, ब्लाउज घामानं चिंब, आणि मांडीवरची पर्स मात्र घट्ट धरलेली. 'दादा, कऱ्हाड आलं का?' कऱ्हाड म्हणजे तिचं माहेर.

मला दादा म्हणते. तिचा दादा, विश्राम, जाऊन किती वर्षं झाली. पण दिवाळीपासून मीच तो. मला 'अहो' म्हणून हाक मारणारी बायको कुठे गेली कोण जाणे. लग्नाच्या बायकोचा भाऊ होऊन बसलोय या वयात.

लीना येऊन गेली. एके काळची माझी विद्यार्थिनी, आता चांगली मोठी डॉक्टर. म्हणाली, 'सर, गाडी घरात ठेवू नका.' कुलूप लावून पाहिलं होतंच. हँडल ओढून ओढून विनयाची नखं रक्ताळली. पूर्वी निदान सुखना तलावापर्यंत एक चक्कर मारून आणायचो. परत पोर्चमध्ये आलो की 'आलं बाई कऱ्हाड' म्हणत उतरायची, खूश. आता काचबिंदूनं माझ्या उजव्या डोळ्याची कड गेली. फेब्रुवारीत आपल्याच फाटकाचा खांब दिसला नाही, गाडी घासली. त्यानंतर किल्लीला हात लावलेला नाही.

तेव्हा विकायचीच.

८ मे

शिशिरला बंगळूरला फोन केला. 'बाबा, पेपरमध्ये ॲड नको यार, नेटवर टाकू. तुम्ही बस फोटो अच्छे काढा. दिवाळीत दिलेला कॅमेरा आहे ना?' आहे. कपाटात, खोक्यासकट.

मग चिरंजीवांनी वर्ग घेतला. भर दुपारी काढू नका, सूर्य उतरताना काढा. आधी गाडी धुवा. मागे दोरीवरचे कपडे, कुंड्या, काही दिसायला नको. उभ्यानं काढू नका, खाली बसा, कॅमेरा दिव्यांच्या उंचीला आणा. कोपऱ्यातून काढा म्हणजे तोंड पण दिसेल आणि कूस पण. बापाला शिकवतोय! मायक्रोस्कोपवर कॅमेरा चढवून स्लाइडचे फोटो काढण्यात सगळा जन्म गेला माझा. पण गाडी म्हणजे स्लाइड नव्हे, हेही खरं.

आईचं त्यानं विचारलं नाही. भीत असेल. मीही आपणहून काढलं नाही.

९ मे

पहिला हप्ता. सगळे फोटो वाया. मरून रंगाची झेन, धुऊन पुसून अशी लखलखीत केली की दाराचा आरसा झाला. प्रत्येक फोटोत दारावर मी — बनियन, वाकलेली कंबर, डोळ्याला कॅमेरा. विकायचं काय, गाडी की म्हातारा?

विनया आत बसलेलीच होती. (आता चारही काचा खाली ठेवतो.) उतर म्हटलं तर, 'निघू या ना दादा.' म्हटलं थांब, एक फोटो काढतो. तर तिनं पदर नीट केला, कपाळावरचे केस मागे घेतले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. लग्नातल्यासारखी. मी बटण दाबलं आणि किती तरी वेळ तसाच उकिडवा बसून राहिलो. नंतर उठवेना, गुडघे धरले.

१० मे

संध्याकाळचं ऊन अगदी शिशिरला हवं तसं. पण तीच विनयाची निघायची वेळ. उतरत नाही.

१२ मे

ती उठायच्या आत पहाटेच उरकावं म्हटलं. शेजारच्या ग्रेवालांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. इंजिनचा आवाज नको म्हणून दोघांनी गाडी ढकलत बाहेर नेली, रस्त्यावरच्या बहाव्याखाली. वर पिवळे घोस, खाली पाकळ्यांचा सडा. मागे ना कपडे ना कुंड्या. म्हटलं, घे लेका शिशिर, हवं तसं.

कॅमेरा डोळ्याला लावतोय तोच मागून पावलं. अनवाणी. केस सुटलेले, पर्स छातीशी. 'दादा, मला सोडून चाललास?' आणि भर रस्त्यात रडायला लागली, लहान पोरीसारखी हुंदके देऊन. ग्रेवालांनीच पुढे होऊन दार उघडलं. 'आओ भाभीजी, बैठो. आपके बिना कौन जाएगा?' बसली. डोळे पुसले. लगेच शांत.

फोटो तिच्यासकटच काढले. फार चांगले आलेत. गाडीही आणि तीही.

सरदारजी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

१३ मे

फोटो कॉम्प्युटरवर घेतले, कार्ड भरलं होतं ते कोरं केलं. शिशिरला फोनवर सांगितलं, छान आलेत, पण आई प्रत्येकात आहे.

'हटाना पडेगा बाबा. लोक विचारतील, ये कौन है.' मग रीत सांगितली. शिक्क्याचं एक हत्यार असतं म्हणे. एका जागेचा तुकडा उचलायचा, दुसऱ्या जागी उमटवायचा. 'इझी आहे. पण पहिले कॉपी करून घ्या. ओरिजिनलला हात नका लावू, पक्का?' पक्का म्हटलं.

मी फोन ठेवणार तोच,

'बाबा, आई हसतेय का कुठल्या फोटोत?'

'एकात हसतेय.'

'तो मला पाठवा ना. एडिट करायच्या आधी.'

पाठवतो म्हटलं.

१५ मे

उजेड वाढवला, क्षितिज सरळ केलं, ग्रेवालांची स्कूटर कोपऱ्यात आली होती ती कापली. इथवर ठीक. फाटकाच्या खांबाचा ओरखडा तसाच ठेवला. घेणाऱ्याला दिसायला हवा, नाहीतर ती फसवणूक.

आणि मग विनया.

माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं स्लाइडच्या फोटोतला साधा एक ठिपका पुसला असता ना, तर त्याला डिपार्टमेंटमधून हाकलला असता. जे आहे ते दाखवा, घसा सुकेपर्यंत ओरडलो त्यासाठी. विनयाच्या या विस्मरणाच्या आजारातला मेंदूसुद्धा मीच दाखवायचो मुलांना. हे बघा, हे डाग. परीक्षेत हमखास विचारायचो. तेव्हा ते नुसते डाग होते.

आधी पदर गेला. मग खांदा. सीटचं राखाडी कापड उचलायचं, तिच्यावर ठेवायचं. उचलायचं, ठेवायचं. चेहऱ्यापाशी हात अडला. उठलो, पाणी प्यायलो. आत जाऊन पाहिलं, झोपली होती. परत येऊन बसलो, पण मशीन बंदच केलं.

१६ मे

जमलं. तुकड्या-तुकड्यांनी होत नव्हतं. शेवटी ड्रायव्हरची रिकामी सीट आख्खी उचलली, उलटी फिरवली आणि तिच्या जागी बसवली. माझी जागा तिच्या जागेवर. कोणाच्या बापाला कळणार नाही.

मग सगळे फोटो तसेच केले, एकामागून एक, हसरासुद्धा. त्यात गाडीचं नाक फार छान आलंय. झपाट्यानं उरकलं. मध्ये थांबलो असतो तर झालंच नसतं. शिशिरला धाडून दिले. त्याचं उत्तर, 'वाह बाबा, एकदम प्रोफेशनल.'



२१ मे, रविवार

गाडी गेली.

पिंजौरहून आले होते. सतविंदर, तिकडे कारखान्यात आहे. बरोबर नवी नवरी, हातात लाल चुडा. 'अंकल जी, फोटो देख के ही आए हैं. बड़े साफ फोटो हैं.' मी त्याला ओरखड्यापाशी नेलं. म्हणाला, 'वो तो फोटो में भी दिखाया था आपने. इसी लिए भरोसा हुआ जी.' मान वर करून त्याच्याकडे बघवेना मला.

त्याची बायको डावीकडे बसली. 'ये सीट इतनी पीछे किसने कर रखी है?' विनयानं. ही गाडी नवी घेतली त्या वर्षी आम्ही थेट कऱ्हाडपर्यंत चालवत गेलो, शिशिर मागे झोपलेला. विनयाच्या पायाशी थर्मास आणि डबा, म्हणून सीट मागे. मांडीवर नकाशा. 'आता उजवीकडे घ्या हं,' म्हणायची, आणि रस्ता हमखास डावीकडे असायचा. मी चिडायचो. ती म्हणायची, 'अहो, पोचतोय ना? मग झालं तर.' सीट तेव्हापासून कोणी हलवली नव्हती. त्या मुलीनं खटका ओढून पुढे घेतली.

लीनानं तेवढा वेळ विनयाला मागच्या खोलीत गप्पांत गुंतवून ठेवलं.

२२ मे

सकाळपासून पोर्चमध्ये उभी आहे. हात पुढे करून हवेत दाराचं हँडल चाचपते. आत चल म्हटलं तर येते, पाणी पिते, परत जाते.

२४ मे

तेच. दोन घासांच्या वर खात नाही. आज फाटकातून बाहेर पडली होती, ग्रेवालांनी धरून आणली. वाटलं होतं, गाडी गेली की सुटलो. आगीतून फुफाट्यात.

लीना म्हणाली, 'सर, गाडीचा फोटो दाखवून बघा. काही पेशंट त्यानं शांत होतात.' माझ्या कसं ध्यानात आलं नाही! ती हसतेय तो फोटो. मोठा करून द्यावा, हातात घेऊन बसेल.

कॉम्प्युटर उघडला.

गाडी आहे. पोर्चमधली आहे, बहाव्याखालची आहे, समोरून, कोपऱ्यातून. ती कशातच नाही. कॉपी करायची राहिली होती. मशीननं विचारलं, जुन्यावरच ठेवू का? मी हो म्हटलं, प्रत्येक वेळी. कार्ड तर मीच कोरं केलं. शिशिरला पाठवायचा होता तोही त्या गडबडीत राहून गेला. त्याला काय सांगू? आईचा शेवटचा हसरा फोटो बापानं स्वतःच्या हातानं पुसला, आणि वर शाबासकी घेतली?

रडलो. बिमला होती, तरी रडलो.

२५ मे

बावीस सेक्टरमधल्या स्टुडिओत जाऊन तोच छापून आणला, रिकाम्या सीटचा. जो आहे तो. मोठा केला. दुकानदार म्हणाला, 'गाड़ी का फोटो? फ्रेम भी कर दूँ अंकल जी?' कर म्हटलं. निदान गाडी तरी दिसेल तिला. पोर्चमध्ये उन्हात उभं राहणं तरी थांबेल.

२६ मे

चहानंतर फोटो तिच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ बघत राहिली. मग काचेवर बोट ठेवलं, डावीकडच्या सीटवर, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच.

'अहो, तुम्ही मला कुठे उतरवलंत?'