पान एकशे बारा

१ ऑक्टो. खंडेनवमी
सकाळीच बाबांनी पाटीवर लिहिलं : हत्यारं काढ.
आपल्या घरी पूजा नाही, हळदकुंकू नाही. पण या दिवशी हत्यार पुसायचं, हा कापसाच्या जिनिंगमधल्या फिटरकीपासूनचा त्यांचा नेम. पाने, पक्कड, कानशी. डिझेलची चिंधी. सगळं झाल्यावर खडू माझ्या कॉम्प्युटरकडे वळला. मी तोही बाहेरून पुसला.
पाटी : आतून?
आतून काय पुसणार. फोल्डर उघडून बसलो. जी नावं ओळखीची नव्हती ती काढली. काही निघेनात. बरीच निघाली. शेवटी पडद्यावरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.
बाबा खूश. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

४ ऑक्टो.
बाबांचं लिखाण छापायला बसलो. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सुरूच होईना. पडद्यावर मधोमध चौकट : अमुक फाइल या संगणकावर नाही, म्हणून प्रोग्राम सुरू करता येत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी डीएलएल. म्हणजे खंडेनवमीला मीच काढलेल्यांपैकी.
मार्च ते जून, रोज दुपारी बाबा बोलले, मी टाइप केलं. जुलैत घशातला कॅन्सर काढताना आवाजही गेला. मोबाइलवर आवाज घेऊ दिला नव्हता. "फीत नको. तू लिही." एकशे चाळीस पानं. दुसरी प्रत नाही. सॉफ्टवेअर लातूरला नोकरीत असताना मराठीसाठी घेतलेलं. कंपनी केव्हाच बंद. लिखाणाची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिली. चौकोन आणि ठिपके.

५ ऑक्टो.
कॉलेजातले गायकवाड आले. संगणक शिकवतात. कुठल्याशा साइटवरून हरवलेली फाइल उतरवली, जागेवर ठेवली. आता दुसरी नाही म्हणून तक्रार. ती आणली. तिसरी. चौथ्या वेळी नुसते आकडे, मग जाहिराती.
"सर, साफसफाई करायला सांगितली कोणी तुम्हाला?"
मी बाबांकडे पाहिलं नाही. माझी बायको रेखा म्हणाली, "बापलेकांनी मिळून केली."

८ ऑक्टो.
बाबांना सांगितलं.
पाटी : सगळं गेलं?
"उघडत नाही. गेल्यासारखंच."
पाटी : ११२ पण?
"तेही."
पाटी पुसली. मग : बरं झालं.
ऑगस्टमध्ये एकदा लिहिलं होतं, ११२ काढ. मी काढलं नव्हतं.
त्या पानावर असं आहे. खंडेनवमीला पुसायला म्हणून बाबांनी मशीनच्या पट्ट्यावरची संरक्षणाची जाळी काढली. परत बसवायची राहिली. दसऱ्यानंतरच्या पहिल्या पाळीत एका बाईचा हात पट्ट्यात गेला. पाळी काशिनाथकाकांची, बाबांच्या जोडीदाराची. शेठने ठरवलं, काशिनाथ पिऊन होता. कामावरून काढलं. बाबा गप्प बसले. काका प्यायला लागले ते त्यानंतर. प्यायले ते मरेपर्यंत.
मी आठवून पुन्हा लिहू शकतो. पण ते माझं होईल. बाबांचे शब्द आणि खाली त्यांची सही, तरच त्याला अर्थ. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत धरून चाला.

११ ऑक्टो.
उमरीहून वत्सलाकाकू आल्या. काशिनाथकाकांच्या पत्नी. फडक्यात भाकरी, ठेचा.
"जय भीम, भाऊजी. खाता येत न्हाई, ठावं हाय मला. वास तं घ्या."
बाबा हसले. आवाज नाही, नुसते खांदे.
मग काकू माझ्याकडे वळून : "माझ्या मालकाच्या मयतीला जिनिंगचं एक माणूस न्हाई आलं. हे एकटे आले. चिखलातून. ते म्या इसरले न्हाई."
चहा झाला. जाताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊजी, नातीला बघायला आलेले पाव्हणे आजबी म्हन्तेत, हिचा आजा पिऊन मशीनवर गेला, बाईचा हात तोडला. तुमी तं सोबतीला व्हते. पेले व्हते का ओ ते?"
बाबांनी पाटी घेतली. खडू टेकवला. एक रेघ. हाताने पुसली. पुन्हा रेघ. पुसली.
काकू म्हणाल्या, "राहू द्या. थकून राहिले तुमी."
त्या गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. जेवणाची नळी लावायची वेळ झाली तरी वळले नाहीत.

१२ ऑक्टो.
उठलो तेव्हा पाटी माझ्या उशाशी. एकच शब्द : उघड.

१३ ऑक्टो. लातूर
बसमध्ये मांडीवर सीपीयू, चादरीत गुंडाळून. अहमदपूरला शेजारी बसलेला म्हातारा : "काय हाय त्यात?"
"मशीन."
"लेकरावाणी धरलाव की."
मशीन मला मुनीरभाईंनी विकलं होतं, सॉफ्टवेअरही त्यांनीच टाकलं होतं. दाढी पांढरी झाली. सगळं ऐकून घेतलं.
"सर, जाळं झाडता झाडता आढंच उतरवलाव की तुमी."
"नावं ओळखीची नव्हती."
"घराच्या पायातले दगड तरी कुठं वळखीचे असतेत."
गायकवाडांनी उतरवलेल्या फाइली आधी उपटल्या. "उसनी आणून बसत न्हाई. दुसऱ्याची कवळी हाय ती. पुरं काढायचं, पुरं पुन्हा टाकायचं. पण तुमचं लिखाण आधी बाजूला घेतो." बिस्किटाच्या डब्यात मूळ सीडी निघाली. सत्तर टक्क्यांवर अडकली. काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. पुन्हा अडकली. अडीच तास. तिसऱ्यांदा शंभर.
उघडलं. अक्षरं जागच्या जागी. मी थेट एकशे बारावर गेलो. 'जाळी मी काढली होती.' तिथून सुरू.
मुनीरभाईंनी पडद्यावरून नजर काढून घेतली. "अब्बांचं का?" म्हणाले. मी हो म्हणालो. पेनड्राइव्हवर दोन प्रती दिल्या.

१४ ऑक्टो.
पाटी : वाच.
रेखाला बाहेर पाठवलं. वाचलं. पूर्ण पान. बाबा डोळे मिटून. एका ठिकाणी बोट वर केलं. मी थांबलो. 'राहून गेली' असा शब्द होता, जाळी राहून गेली. पाटी : मी विसरलो, असं कर.
केलं.
पाटी : उमरीची बस कधी?
"बाबा, तुम्हाला जिन्यावरून उतरवता येणार नाही."
पाटी पुसली. तेच पुन्हा लिहिलं.
संध्याकाळी काकूंना फोन केला. बाबांनी बोलावलंय, एवढंच सांगितलं. "गुरुवारी येते. उद्या न्हाई जमायचं, कापसाच्या येचणीला जायचं हाय."
छापून ठेवलं. खाली सहीला जागा. सही उद्या, सकाळी हात जरा स्थिर असतो तेव्हा.

१५ ऑक्टो.
पहाटे ताप. श्वास घुरघुरतोय. दवाखाना. सही राहिली.

१६ ऑक्टो. दवाखाना
पाटी घरी विसरली. रेखा आणायला गेली आहे. छापलेलं पान माझ्या पिशवीत, वहीत घालून, दुमडू नये म्हणून.
बाबा जागे आहेत. पेन बोटांत राहत नाही. मी पान समोर धरलं. त्यांनी पाहिलं. ओळखलं असावं. मग माझा हात ओढून तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं. अक्षर लागलं नाही. "पुन्हा," म्हणालो. पुन्हा लिहिलं. सही आहे की काढ म्हणताहेत, कळत नाही.
दहाला काकूंचा फोन. "बस सुटली, लेकरा. खिडकी भेटली. काय काम हाय ते तं सांग."
बाबा अजून लिहीत आहेत.