पलसाण्याची मगर आणि माझा उजवा पाय

२ नोव्हेंबर, रविवार

कापडाच्या मिलला दिवाळीचं वेकेशन. कारीगर सगळे गावी गेले. पाणी शुद्ध करायचा प्लांट मात्र बंद ठेवता येत नाही. टाकीतले जिवाणू उपाशी मरतात, मग पुन्हा वाढवायला महिना जातो. म्हणून मिलचा केमिस्ट या नात्याने मी रोज सुरतेतल्या भेस्तानहून पलसाण्याला येतो, टाकीत गुळाचं पाणी ओततो. बाकी एवढ्या मोठ्या आवारात वॉचमन हिंमत आणि दोन कुत्री.

आज मागच्या भिंतीपलीकडच्या तलावात मगर दिसली. आधी वाटलं ओंडका. मग ओंडक्याने तोंड उघडलं. सहा-सात फूट असेल. कालव्यातून आली असावी. पुढचा डावा पाय कोपरापासून नाही. उरलेलं मांस लाल, लोंबणारं. हिंमत म्हणाला, दुसऱ्या मगरीने तोडला असणार.

त्या तलावात आजूबाजूची सगळी गटारं येतात. त्या पाण्यात काय असतं ते मला माहीत आहे. उघडी जखम घेऊन त्यात बसलीये. आठवडाभरही टिकायची नाही.

घरी आल्यावर उजव्या मोज्यावर डाग. अंगठ्याखाली कातडी सोललीये. नवा बूट लागला. दुखत नाही.

४ नोव्हेंबर

मगर तिथेच. उन्हात, तोंड उघडं टाकून.

हिंमत : "आप्पा, ती मरानी वाट दखी राहिनी."

हिंमत अमळनेरकडचा, मीही तिकडचाच. त्याची अहिराणी ऐकली की बरं वाटतं. घरी बोलायला कोणी नाही. बायको, सुमन, एप्रिलमध्ये पुण्याला गेली, आमच्या मेघाच्या बाळंतपणाला. तीन महिन्यांचं ठरलं होतं. मग मेघाची नोकरी सुरू झाली. बाळाला बघणार कोण? बरोबरच आहे. मीच म्हणालो, रहा.

संध्याकाळी फोन. बाळ रडत होतं म्हणून दोन वाक्यांत आटोपला. पायाचं बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

भेस्तानचे लूम, कापडाचे माग, बंद आहेत. एरवी खडखड ऐकत झोपतो. आता घड्याळ ऐकू येतं.

७ नोव्हेंबर

जखमेवर आयोडीन, पट्टी. तळव्याला काही जाणवतच नाही, त्यामुळे बरी होतेय की नाही ते बघूनच कळतं. आणि बघायला वाकावं लागतं. पोट आड येतं. आरसा जमिनीवर ठेवून पाहिलं. कडा पांढऱ्या. नक्की कळेना.

शुगर वाढलेली. गोळ्या घेतोय. मधे दोनदा विसरलो. सुमन असताना ताटाशेजारी गोळी असायची.

मगर मेली नाही. माशा नाहीत जखमेवर. हे विचित्र.

९ नोव्हेंबर, रविवार

कारीगर परत यायला लागले. भिंतीवर चढून फोनवर शूटिंग. कोणीतरी विटा मारल्या. मी ओरडलो, ऐकलं नाही कोणी. मग आमच्याकडे झाडलोट करणारी मंजूबेन आली. सोनगढकडची. सरळ पाण्याच्या काठाशी गेली, मूठभर तांदूळ आणि शेंदूर ठेवला, हात जोडले. त्यांच्याकडे मगर देव. ती उभी असेपर्यंत एकही वीट पडली नाही.

तिला विचारलं, काय मागितलंस? हसली. म्हणाली, "मागवानुं नी होय, साहेब. पगे लागवानुं." मागायचं नसतं, नुसतं पाया पडायचं.

हिंमतने जंगलखात्याला फोन लावला.

१२ नोव्हेंबर

खात्याची माणसं आली. पिंजरा, आत कोंबडी. सोबत धारा नावाची मुलगी, जनावरांची डॉक्टर, वन्यप्राणी सोडवायचं काम करते. मेघाच्या वयाची. दुर्बिणीतून बराच वेळ पाहत होती. मी म्हटलं, या पाण्यात एवढी जखम, वाचेल का?

"एने कंई नी थाय, काका." तिला काही होणार नाही म्हणे.

मग समजावून सांगितलं. मगरी आपसात भांडतात, पाय जातात, शेपट्या जातात, आणि राहायचं चिखलात. तरी त्यांची जखम सहसा सडत नाही. रक्तातच असं काही असतं की जंतू आत आला की लगेच तुटून पडतं. आधी कधी न भेटलेल्या जंतूवरसुद्धा. गिधाडाचंही तसंच, कुजलेलं खातं आणि पचवतं. वटवाघळं माणसाला लोळवणारे रोग अंगात घेऊन मजेत उडतात. जगभर लोक याच्या मागे लागलेत म्हणे.

मी : मग औषध निघालं का त्यातून?

ती : अजून नाही, काका. एवढं सोपं असतं तर.

केमिस्ट आहे मी. डोकं तिथेच अडकलं. मी वर्षभर या पाण्यातले जंतू मोजतो. त्यातच ती मगर बसलीये, आणि तिच्या रक्ताला ते समजतं.

जाताना धाराने विचारलं, लंगडता का? म्हटलं, बूट लागलाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अंगात कणकण. पाऊल सुजलंय, वर लाल रेघ. हिंमतने पाहिलं. "आप्पा, तुम्हना पाय सुजना शे. डाक्टरले दखाडा."

दाखवला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरने बघताच सर्जनकडे पाठवलं. सर्जनने सळईसारखं काहीतरी जखमेत घातलं. मला काही लागलं नाही. त्यालाच लागलं, हाड. म्हणाला, आजच ॲडमिट व्हा.

म्हटलं, सोमवारी येतो.

"घरी कोण आहे?"

म्हटलं, आहेत.

इंजेक्शन आणि गोळ्या घेऊन परत आलो. येताना रिक्षात विचार केला, ॲडमिट झालो तर फॉर्मवर सही कोणाची? मग सुमनला कळवावं लागेल. ती येईल. बाळाचं काय? मेघा रजा घेईल, नवी नोकरी आहे तिची. नको. गोळ्यांनी उतरेल.

१९ नोव्हेंबर

सोमवार गेला. गेलो नाही. ताप उतरला होता ना.

सुमनने व्हिडिओ कॉल केला. फोन तोंडाजवळ धरला, फक्त चेहरा दिसेल असा. "एवढ्या जवळ का धरताय? नाकच दिसतंय नुसतं." बाळाला दाखवलं. मुठीत तिचं मंगळसूत्र घट्ट धरून बसलाय. "आजोबा कुठे? आजोबा कुठे?" तो माझ्याकडे न बघता स्क्रीनच्या कडेला बघत होता.

मगरीचं सांगितलं तिला. पाय तुटलेली मगर, सडत नाही वगैरे. तिने विचारलं, मग तुम्ही काय करता तिथे? म्हटलं, बघतो.

"रोज?"

"रोज."

मग बाळाने फोन पाडला.

खरं तर आता मिलमध्ये जाऊन पहिलं काम तेच. भिंतीशी प्लास्टिकची खुर्ची टाकलीये. मगर पिंजऱ्याजवळ येते, कोंबडीकडे बघते, परत जाते. शहाणी आहे. लाल मांस आता दिसत नाही. काळपट झालंय, आत ओढल्यासारखं.

माझं उलट. पांढऱ्याचं राखाडी. आरशात पाहणं बंद केलं.

२१ नोव्हेंबर

मिलमध्ये मॅनेजर म्हणाला, प्लांटवर वास येतोय, टाकी बिघडली का? तपासली. टाकी ठीक. ऑक्सिजन ठीक. म्हटलं, तलावाचा असेल.

दुपारी डबा उघडला, जेववलं नाही. थंडी वाजतेय. सुरतेत अजून स्वेटर कोणी काढलेला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

हे हॉस्पिटलमधून लिहितोय. हिंमतने पिशवीत वही आणून दिली.

सकाळी त्याचा फोन : मगर पिंजऱ्यात सापडली. सुट्टी असूनही रिक्षा करून गेलो. निघताना बुटात पाय जाईना, चप्पल घातली, वर फडकं गुंडाळलं.

तिला बाहेर काढून आडवं धरलं होतं. तोंड दोरीने बांधलेलं, डोळ्यांवर ओलं गोणपाट. डोळे झाकले की शांत राहते म्हणे. धारा जखम तपासत होती. मला म्हणाली, या काका, बघा, तुम्हीच रोज राखण केलीत.

जवळ गेलो. वाकलो. तुटलेल्या पायाचं टोक बंद होत आलेलं. घट्ट, कोरडं. पू नाही, सूज नाही. बोट लावू का विचारलं. ती म्हणाली, हळूच. गार होतं. मऊ नाही, कडकही नाही. भिजलेल्या चामड्यासारखं. मी बोट काढलं नाही पटकन.

भोवतीची पोरं नाकाला रुमाल लावून होती. मी म्हटलं, वास फार मारतो नाही का हिला?

धाराने माझ्याकडे पाहिलं. मग खाली, फडक्याकडे.

"काका, आ वास एनो नथी. तमारा पगनो छे."

मला वाटलं जमीन दुभंगावी. हिंमतने फडकं सोडलं. मग काय झालं ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता, म्हणून जंगलखात्याच्या पिकअपमध्येच मला बसवलं. पुढे मी, ड्रायव्हर, धारा. मागे पिंजऱ्यात मगर, आणि तिच्यावर पाणी शिंपडायला खात्याचा माणूस. हायवेवर ब्रेक लागला की मागून पिंजरा खडखडायचा. धारा मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होती, "इमरजन्सी छे, इमरजन्सी." मला कळेना, मगरीबद्दल की माझ्याबद्दल.

हॉस्पिटलच्या दारात मला उतरवलं. स्ट्रेचरवर झोपवलं. गाडी पुढे गेली. वळून पाहायचं होतं. वळता आलं नाही.

२५ नोव्हेंबर

दोन बोटं काढली. अंगठा आणि शेजारचं. काल. भूल फक्त कमरेखाली होती, आवाज ऐकू येत होते.

हिंमत बाकड्यावर बसलेला. नजर चुकवत म्हणाला, "मी वहिनीले फोन करी दिन्हा."

चिडलो त्याच्यावर. काय गरज होती, वगैरे. तो उठून चहा आणायला गेला. मग मी चादर तोंडावर घेतली.

२६ नोव्हेंबर

सुमन आली. एकटीच, बाळ मेघाकडे. मेघाने रजा घेतली.

वाटलं होतं रडेल, किंवा बोलेल. पिशवीतून टॉवेल काढला, घडी घातली, परत काढला. नर्सला औषधांचं विचारलं. कॉटच्या दुसऱ्या बाजूला, पायाकडे पाठ करून बसली.

तासाभराने :

"मगर बघायला रोज जात होतात."

मी चादर सारखी केली.

"तिचा पाय कसा आहे ते मला फोनवर सांगितलंत. तिचा."

"तुला त्रास नको म्हणून."

"मला विचारलंत, त्रास हवा की नको?"

थोड्या वेळाने म्हणाली, मी पुण्यात काय मजा करते असं वाटतं तुम्हाला? मेघा जावयासोबत तिच्या खोलीत, मी बाळासोबत बाहेरच्या खोलीत. दिवसभर मोठ्या माणसाशी बोलत नाही मी. संध्याकाळी तुमचा फोन येतो तर तुम्ही म्हणता, सगळं ठीक, ठेवू?

हे मला माहीत नव्हतं. मीच एकटा आहे असं धरून चाललो होतो.

२९ नोव्हेंबर

धारा येऊन गेली. मगर वरच्या जलाशयात सोडली. तीन पायांवर आधी थोडं घसरली, मग पाण्यात गेली ती दिसलीच नाही. जगेल, म्हणाली. जाळ्यात नाही अडकली तर. रोगाने मरत नाहीत, असं काही नाही काका, माणसाच्या वस्तूंनी जास्त मरतात.

सुमनने तिला सफरचंद कापून दिलं. ती गेल्यावर म्हणाली, चांगली मुलगी आहे. वास आला ते तोंडावर बोलली.

डॉक्टर राउंडला. पायाला रक्त कमी पोचतंय. जखम भरते का बघू. नाही भरली तर घोट्याच्या वरून कापावं लागेल. "थोडे दिवस थांबू." इथे सगळे असंच बोलतात.

सुमनला विचारलं, परत कधी जाणार? म्हणाली, आत्ता कशाला तो विषय.

२ डिसेंबर

मेघाचा फोन. ती बोलता बोलता रडली. म्हणाली, तुम्ही दोघं इकडेच या कायमचे. सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मिल आहे, घर आहे, वर्षं झाली सुरतेत. आणि पुण्यात मी बाहेरच्या खोलीत कुठे बसू? यातलं काहीच बोललो नाही. सुमन फोनवर म्हणाली, बघू, आधी पाय.

पण तिला उत्तर हवंय. मलाही हवंय, की तिने इथे राहावं. ते मागायला जीभ उचलत नाही. तिकडे बाळ आहे.

४ डिसेंबर

आज ऑपरेशननंतर पहिल्यांदा सुमनसमोर पट्टी सोडली. नर्स म्हणाली, घरी तुम्हालाच करायची आहे, बघून घ्या मॅडम. सुमनने हात धुतले. पदर खोचला. चष्मा विसरली होती, माझा घातला.

शेवटचा गॉझ चिकटला होता. नर्सने सलाइन ओतलं, तो सुटला. मी खिडकीकडे तोंड केलं. खाली कोणीतरी पोंक, ज्वारीचा हुरडा, विकत होतं, ओरडत होतं.

सुमन पायावर आणखी वाकली.

मी विचारलं, "कशी आहे? भरतेय का?"

तिचा हात माझ्या घोट्यावर होता. तो तिथेच राहिला.

"थांबा," ती म्हणाली. "नीट बघू द्या मला."