सहानंतरचा वेळ

सोम., ३ फेब्रु.
पुण्याच्या कंपनीची मुलाखत, व्हिडिओवर. घरूनच काम, सोलापूर सोडावं लागणार नाही, म्हणून अर्ज केलेला. पाऊण तास बरं चाललं. मग तिकडच्या साहेबांनी विचारलं, "ऑफिसबाहेर स्वतःचा काही कोड लिहिता? एखादा प्रोजेक्ट?"
"काही नाही."
"आठ वर्षांच्या नोकरीत काहीच नाही?"
संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवते, हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं?
म्हणाले, दोन आठवड्यांत काही करून पाठवा, मग बघू.

मंगळ., ४
इरफानला सांगितलं. ऑफिसात शेजारच्या टेबलाशी बसतो. घरी गेल्यावरही रोज कोड लिहितो, हौसेनं. म्हणाला, "मला मजा येते म्हणून करतो, ताई. तुम्हाला येत नसेल तर कशाला? पण नवीन गोष्टी मला आधी कळतात, हे बी खरंय."
खरंच आहे. गेल्या महिन्यात मोहोळच्या डेअरीला करून दिलेल्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट फार हळू निघत होता. मी दोन दिवस घासत बसले, त्यानं घरी शिकलेल्या युक्तीनं तासात पळवला. अजून बोचतं.

गुरु., ६
काल आणि आज मैदान बुडवलं. घरी बसून हवामानाचं ॲप लिहायला घेतलं. कुणाला हवंय हे? मलाच नकोय.

शुक्र., ७
आजही गेले नाही. रेणुकाचा फोन. वळसंगहून एसटीनं येते पोरगी, संघात सगळ्यात चपळ.
"ताई, तुमी आजारी हाय का?"
"नाही गं. काम होतं."
"मंग आमी काय करायचं? जिल्ह्याची मॅच जवळ आली की."
फोन ठेवला आणि परत ॲपकडे वळले.

शनि., ८
ॲप काढून टाकलं. मैदानावर गेले. मुली रुसलेल्या. पळल्या मात्र जीव तोडून. खांबापाशी सूर मारताना रेणुकाचा तोल जातो. जमेपर्यंत करून घेतलं. गुडघा सोलला तरी थांबली नाही.

सोम., १०
आमच्या सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, रोज सकाळी एक तास नवीन शिकायला द्या, ऑफिसच्या वेळेत.
"लोक घरी शिकतात की. इरफान बघा."
"तो त्याच्या हौसेनं करतो, सर. माझी हौस खो-खो. पण कामाचं शिकायचं आहेच, ते कामाच्या वेळेत."
हसले नाहीत. अर्धा तास दिला, महिनाभर बघू म्हणाले. घेतला.

बुध., १२
पुण्याला मेल. तीनदा खोडून लिहिली. शेवटी: ऑफिसबाहेर मी कोड लिहीत नाही. संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. माझं काम बघायचं असेल तर तुमचा एखादा अडलेला प्रश्न द्या, तुमच्यासमोर सोडवते.
इरफाननं वाचली. "जरा मऊ लिहायची होती." असेल. गेली आता.

सोम., १७
उत्तर आलं. तयार आहेत. दोन तास, त्यांचा प्रश्न, बुधवारी संध्या. सहाला.
हो म्हटलं तर एकाच दिवसाचं मैदान बुडणार. पण मॅच शनिवारी.
लिहिलं: सकाळी कधीही चालेल. सहाला मैदानावर असते.
साडेपाचपर्यंत उत्तर नाही. फोन पिशवीत टाकला. निघते.