सहकर्जदार धोंडूबाई

१९ मार्च, पाडवा

मिळालं! मिळालं, मिळालं, मिळालं!

श्रीखंड वाट्यांत काढत होते तेवढ्यात मोबाइल वाजला. वेल्सच्या विद्यापीठाचा ईमेल. हिमनद्यांवरची मास्टर्स, एक वर्ष. वर अर्ध्या फीची स्कॉलरशिप! मी अशी किंचाळले की सासूबाई चमचा घेऊन धावत आल्या. सासूबाई म्हणजे धोंडूबाई. दिवाळे कोळीवाड्यात लहानथोर सगळे तिला 'तू' म्हणतात, मीही. आईच म्हणते.

"पाल हाय का गो?"

"नाही गं आई. ईमेल आहे."

"ईमेलला कोन वरडतं?"

प्रितेशने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. आईपासून लपवलेलं आम्हा नवराबायकोचं एवढं एकच गुपित होतं, आणि आता ते माझ्या तोंडावर लिहिलेलं.

२० मार्च

अर्धी फी मिळाली म्हणजे अर्धी भरायची आहे! शिवाय खोली, जेवण, विमान. रात्री उशीत तोंड खुपसून हसले तरी. हिमनद्या! मी! बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे नकाशे रंगवणारी!

२२ मार्च

सांगितलं. आधी प्रितेश बोलणार होता, पण तो नुसता "आई, ते... रुतिकाचं... म्हणजे..." करत बसला. मग मीच एका दमात बोलले.

आईने कोळंबी सोलायची थांबवली नाही. "काय शिकायचं बोललीस?"

"बर्फ. म्हणजे डोंगरावरचा बर्फ कसा सरकतो, कसा वितळतो."

"बरफ?" आता थांबली. "बरफ शिकायला विमानानं जायाचं? आपल्या बाजारात रोज गाडीभर उतरतो!"

प्रितेश हसून हसून जमिनीवर. मीही. आई मात्र गंभीर. थोड्या वेळाने विचारते, "एक वरीसच ना?" एवढंच. नाही म्हणाली नाही!! मी तर भांडणाची सगळी तयारी करून बसले होते. भाषण पाठ केलेलं वाया गेलं.

२ एप्रिल

बँक. सहकर्जदार पाहिजे, म्हणजे माझ्यासोबत कर्जाला जबाबदार असणारा कमावता माणूस. बाबांची सही आधीच माझ्या भावाच्या, प्रणयच्या इंजिनीअरिंगच्या कर्जावर. त्याला काय बोलणार, त्याचं अजून दीड वर्ष बाकी. प्रितेश विमानतळावर लागून चारच महिने झालेत. मॅडम गोड हसून म्हणाल्या, "दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न्स असते ना, तर लगेच झालं असतं."

९ एप्रिल

दुसरी बँक. तेच हसू, तेच उत्तर.

१४ एप्रिल

आज असं झालं — मी आणि प्रितेश ओट्याशी हळू आवाजात बोलत होतो. वेल्सला कळवायचं का, की पुढच्या वर्षी येते म्हणून. आई टीव्ही बघत होती. टीव्ही बंद केला.

"माजी सही चालंल का?"

आम्ही दोघं ओट्यापासून वळलो.

"तुमाला काय वाटतं, मी टॅक्स भरत नाय?"

खरंच की! सीवूड्सच्या दोन हॉटेलांना आई पापलेट, सुरमई देते. सगळं बिलावर. दरवर्षी तिचा सीए येतो, चहा पितो, रिटर्न भरून जातो, जाताना बोंबील घेऊन जातो. प्रितेश कपाळावर हात मारून बोलला, "आईला सीए आहे! मला नाही, आईला आहे!"

आणि आम्ही पंधरा दिवस बाहेर शोधत होतो.

१७ एप्रिल

आजचं सगळं लिहून ठेवलंच पाहिजे.

आई बँकेत गेली ती लग्नाला निघाल्यासारखी. हिरवं लुगडं, अबोलीचा गजरा, सगळे दागिने. मी म्हटलं, "आई, कर्ज मागायला चाललोय." तर म्हणे, "मंग? भिकेला चाललोय का?"

तिथे सोनम म्हणून एक मुलगी बसते, माझ्याच वयाची. फाइल बघितली, खूश झाली. रिटर्न्स बरोबर, सगळं बरोबर. कॉम्प्युटरवर भरायला लागली.

"अर्जदाराशी नातं? आई ना?"

"सासू," आई बोलली.

सोनम थांबली. खाली बघितलं, वर बघितलं. "यात सासू नाहीये हो. आई, वडील, पती, सासरे, भाऊ... मी 'इतर' टाकते."

"इतर म्हंजे?"

"म्हणजे दुसरं कोणीतरी."

झालं! आई खुर्चीत सरळ झाली. "मी दुसरी कोन नाय. सासरा हाय तुमच्या यंत्रात, न सासू नाय? सासरा वारला आमचा. पोरीचा सगला मी बघते. इतर नाय लिवायचं."

रांगेतले लोक वळून बघायला लागले. मी हसू दाबत आईच्या जवळ खुर्ची ओढली. सोनम बिचारी उठून आत गेली. मॅनेजर बाहेर आले, बाजीराव नाव, पाटीवर वाचलं. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, "मावशी, यंत्रात नाही हे खरं. पण कागदावर मी हाताने लिहितो. चालेल?" आणि आमच्यासमोर पेनाने लिहिलं — सासू.

आईने ते अक्षर नीट बघितलं. मग सही केली. सावकाश, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

एकच अडचण. तारण पाहिजे. गावठाणातल्या आमच्या घराचे कागद बँकेला चालत नाहीत. आई बोलली, "एफडी हाय." मी विचारलंच नाही कसली.

१९ एप्रिल

कसली ते आज कळलं. आमच्या होडीच्या नव्या इंजिनासाठी साठवलेली!

मारोतीकाका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, होडी तेच चालवतात. सकाळीच दारात. "वहिनी, इंजिन सारखा बंद परतंय न तू बरफात पैसे घालतेस? सून तिकरंच रायली तर? कोन फेडनार?"

आई भांडी घासत होती. "राहिली तर राहिली. मी फेडीन. तू वरडू नको, शेजारी झोपलेत."

काका चहा न पिता गेले.

मला दिवसभर काही सुचेना.

२० एप्रिल

आईला म्हटलं, नको. मी पुढच्या वर्षी बघते. इंजिन आधी.

इतकी चिडलेली मी तिला कधी बघितली नाही. "मना विचारून ठरवलंस? एफडी माजी, सही माजी, न नको बोलनारी तू कोन? इंजिन दुरुस्त होतं. दोनदा केलंय, तिसऱ्यांदा करू." मग आवाज खाली आला. "मना सातवीत शालेतून काढली. बाजारात बसवली. कोनी विचारलं नाय, नको बोलायची पन पाली आली नाय माजी. तुला विचारतायत तर तू नको बोलतेस?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिच्या हाताला मासळीचा वास आणि वर साबणाचा. ती थोपटत होती आणि वर बोलतही होती — "बास आता, लुगडं भिजतंय."

६ मे

मंजूर!!! सोनमने स्वतः फोन केला. आईला द्या म्हणाली. आई फोनवर फक्त "हां, हां, बरं" करत होती. फोन ठेवला आणि शेजारणीला खिडकीतून हाक मारली — "आमचा लोन पास झाला गो!"

२३ मे

दादरला एका ट्रस्टच्या स्कॉलरशिपची मुलाखत. फेब्रुवारीत सहज अर्ज टाकला होता. पाच जण समोर. एक आजोबा विचारतात, "लग्न झालंय, घरचे सोडतील?" मी म्हटलं, "घरचेच पाठवतायत. सासू सहकर्जदार आहे." पाचही जण कागदांतून मान वर करून बघायला लागले! निवड नाही झाली. प्रतीक्षा यादीत, चौथी. जाऊ दे. कर्ज आहे ना.

५ जून

मासेमारी बंद, म्हणून आई बाजारात सुकट घेऊन बसते. ऑफिसातून येताना थांबले. कोणीतरी भाव करत होतं आणि आई तिला सांगत होती, "सप्टेंबरात आमी वेल्सला. बरफाचं शिकायला. त्याच्यात माजं पन नाव हाय, बँकेत लिवलंय." बाईला वाटलं दोघी चाललोय. "मावशी, या वयात?" आईने दुरुस्त केलं नाही!

मी मागे उभी. परत फिरले, लांबून वळसा घालून घरी आले.

११ जुलै

मारोतीकाका आले. इंजिन दुरुस्त झालंय, चाललंय. चहा प्यायले. जाताना मला विचारतात, "तिकरं बरफ फुकट मिलतो?"

८ ऑगस्ट

व्हिसा!

माहेरून मम्मी-बाबा लोणचं घेऊन आले. प्रणय म्हणाला, दोन कर्जबाजारी भावंडं, फोटो काढू. काढला. आई मध्येच येऊन उभी राहिली — "मी पन कर्जवाली."

२६ ऑगस्ट

कर्जाचा पहिला हप्ता सोमवारी विद्यापीठाला जाणार. बॅग उघडी पडली आहे खोलीभर. प्रितेश तिच्यात रोज एक मोजा टाकतो. रात्री म्हणाला, "एका वर्षात दोनदा भांडायला फोन कर. नाहीतर करमणार नाही." हो म्हटलं.

२८ ऑगस्ट

ट्रस्टचा फोन! वरच्या तिघांनी दुसरीकडचं घेतलं. उरलेली फी, राहणं, तिकीट — सगळं देतायत, परत करायचं नाही! प्रितेश मला उचलून घरभर नाचला. एफडी सुटली, इंजिन येईल, कर्ज रद्द!

आई हसली, पण जेवायला बसली नाही. बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी शेजारी बसले तेव्हा बोलली,

"मंग बँकेतून माजं नाव काढनार?"

मी हळूच हो म्हटलं.

"थोडं तरी कर्ज घे गो."