फाट्यावर घेतलेला डावा कौल

खडकवाडी, ता. चांदवड
१२ जुलै १९९८

तीर्थस्वरूप रंगनाथदाजींना मेव्हणा मल्हारी याचा दंडवत. आपण, भागीआक्का आणि देवळाली कॅम्पातला आपला स्टोअरचा कारभार रेणुकामातेच्या कृपेने सुरळीत असेल असे धरून चालतो. आपला गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून वाजतो का? (मुद्दाम विचारतो, कारण हल्ली मला सांध्यांच्या दुखण्यातले थोडे कळू लागले आहे. माणसांच्या नव्हे, पिकअपच्या.) इकडे सर्व क्षेम. पाऊस बरा आहे, मका गुडघाभर झाला आणि पुतळाबाई माझ्याशी पुन्हा बोलू लागली.

ती का बोलत नव्हती हे सांगायचे तर पिकअपपासून सुरुवात करावी लागेल. आपल्याला ठाऊकच आहे, देवीला विचारल्याशिवाय मी मोठे काम करत नाही. पूर्वी देवळात जाऊन फूल लावायचो, कौल घ्यायचो. ही जुनी पिकअप घेतल्यापासून मात्र एक सोयीची रीत पडली. आमच्या फाट्यावर यायचे, वेग कमी करायचा, देवीचे नाव घ्यायचे आणि स्टेअरिंगवरचे हात जरा वेळ उचलायचे. गाडी डावीकडे, विंचूरच्या रस्त्याला झुकली तर होकार. सरळ नाशिककडे राहिली तर नकार. (उजवा कौल तो होकार, ही वाडवडिलांची रीत मी विसरलेलो नाही. पण फाट्यावर उजवीकडे नुसती विहीर आहे.) म्हैस घ्यायची होती तेव्हा विचारले, गाडी डावीकडे. सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहायचे होते तेव्हा विचारले, डावीकडे. (म्हैस लाथ मारते, आणि निवडणुकीत घरातलीसुद्धा सगळी मते मला पडली नसावीत असा माझा अंदाज आहे.) दोन वर्षांत देवीने एकदाही नाही म्हटले नाही. याचा संशय यायला हवा होता, पण माझी भक्तीच वाढत गेली.

उन्हाळ्यात आपण आमच्या तेजस्विनीसाठी विंचूरच्या केरूशेठच्या शेखरचे स्थळ आणलेत. घर चांगले, मुलगा निर्व्यसनी. पण त्याच सुमारास तिने नाशिकला नर्सिंगचा अर्ज भरलेला होता. आपण म्हणालात, असे स्थळ पुन्हा येत नाही. पुतळाबाई म्हणाली, पोरीला शिकू द्या. दोन्ही बाजूंना माणसे मोठी, म्हणून मी आपला फाट्यावर गेलो. हात उचलले, तर त्या दिवशी गाडी नुसती झुकली नाही, विंचूरला दूध घालायला उशीर झाल्यासारखी तिकडे निघालीच. त्याच पावली मी केरूशेठना शब्द देऊन आलो. तेजस्विनीने पुस्तके बांधली आणि माळ्यावर ठेवली. पुतळाबाईने मात्र भाकरी पुढ्यात सरकवून तोंड फिरवायला सुरुवात केली, ती पुढे बरेच दिवस चालली.

मग डावे पुढचे टायर आतल्या अंगाने गुळगुळीत झाले, म्हणून गाडी चांदवडला पुंजाराम फिटरकडे नेली. त्याने ती जॅकवर उचलली, चाकामागे पहार घातली आणि हलवली, तर चाक म्हाताऱ्याच्या दातासारखे हलले. दाजी, चाकाला चासीशी धरून ठेवणारे लोखंडी हात असतात. फिटर लोक त्याला आर्म म्हणतात. त्याच्या खांद्यात रबरी बुश असतात, मनगटात गोळीचा सांधा असतो. आमच्या डाव्या हाताचे बुश पार भुगा झाले होते. पुंजारामने विचारले, गाडी ओढत नव्हती का एका बाजूला? मी म्हणालो, ओढत होती, पण ते वेगळे कारण आहे. (कारण काय तेही सांगितले. सांगायला नको होते.)

"मल्हारीभाऊ," तो म्हणाला, "बुश गेल्याव गाडी डावीकडंच जाती. वर देवी बसू द्या नायतर दारुडा बसू द्या."

मी तिथल्याच एका फाटक्या टायरवर बसून राहिलो. म्हशीचे आणि निवडणुकीचे मला काही वाटले नाही. डोळ्यांपुढे माळ्यावरचे ते गाठोडे आले.

एवढ्या जुन्या गाडीचे नवे आर्म मिळेनात, तेव्हा जुनेच सोडवून त्यांत नवे बुश भरायचे ठरले. पुंजारामच्या शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून काम आमच्या अंगणात. गंजलेले बुश निघेनात तेव्हा त्याने आर्म पाणी तापवायच्या चुलीत घातले. रबर जळाल्याचा असा वास सुटला की म्हशीने दूध चोरले आणि शेजारी कोंडाजी कोण गेले ते विचारायला आला. नवे बुश दाबून बसवायला प्रेस लागतो, तो आणायचा कुठून? पुंजारामने कोंडाजीच्या कांदा भरलेल्या ट्रॉलीखाली जॅक लावला, मध्ये आर्म धरला. म्हणाला, ट्रॉलीच्या वजनाने बुश आपोआप आत जाईल. बुश जागेवरच राहिला, ट्रॉली वर गेली. ट्रॉलीचा मागचा फाळका निसटला आणि कांदा उताराने थेट आमच्या न्हाणीत आला. तो आम्ही संध्याकाळपर्यंत वेचला. (कोंडाजीच्या मते अजून सगळा आलेला नाही.) अखेर साबणाचे पाणी लावून, भल्यामोठ्या शिकंज्यात दाबून बुश बसले.

आर्म चढवल्यावर मी उत्साहाने बोल्ट करकचून आवळू लागलो, तर पुंजाराम ओरडला. चाके हवेत असताना आवळायचे नाही. गाडी जमिनीवर टेकवायची, तिचा भार बुशांवर येऊ द्यायचा आणि मग आवळायचे. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात रबर पिळवटून फाटते. मी पाना खाली ठेवला. माणूसही शब्द देतो तो बऱ्याचदा असाच, भार कोणावर पडणार ते न बघता.

गाडी तयार झाल्यावर मी आणि पुंजाराम फाट्यावर निघालो. पुतळाबाईही बसली. मी देवीचे नाव घेतले, हात उचलले. गाडी सुतासारखी सरळ, नाशिककडे. माझ्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात पुंजाराम म्हणाला, "सरळच जाईन ती. आता कायम सरळ."

म्हणजे दाजी, हाही कौल नव्हे. आधी सगळ्याला होकार, आता सगळ्याला नकार. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि मोठ्यानेच म्हणालो, मग देवीने बोलायचे तरी कशातून?

पुतळाबाई कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. "तिनं पोरीला तोंड दिलंय ना? तिला इचारा की."

घरी येऊन विचारले. तेजस्विनी कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आण्णा, तुमची गाडी कुठं बी वळू द्या. मला शिकायचंय. मी एस्टीनं जाईन."

असो. गाडी आता सुरेख चालते. आक्काला नमस्कार, आपण गुडघ्याला जपावे.

आपला,
मल्हारी

ता. क. : स्थळ आपण आणले होते, तेव्हा विंचूरला निरोपही आपणच द्यावा, ही विनंती. केरूशेठचा राग मागाहून मी जाऊन अंगावर घेईन, पण आधी तोंड कसे उघडावे ते सुचत नाही. बुशांचे सांगितले तरी चालेल. त्यांचे स्वतःचे दोन ट्रक आहेत.

ता. क. दुसरा : तेजस्विनीला प्रवेश मिळाला आहे. होस्टेलची खोली मात्र दिवाळीनंतर आहे, तोवर ती आपल्याकडे राहील. आपले मत आक्काला विचारले होते. तिने मागची खोली गेल्याच आठवड्यात झाडून ठेवली आहे. आपल्याला कुठल्या दिवशी सांगायचे एवढेच राहिले होते.

ता. क. तिसरा : हे पत्र टपालाने पाठवलेले नाही. ते आपल्या हातात देणारी पोरगी अजून दारातच उभी असेल. पत्र जरा लांबले. तिच्याजवळ पत्र्याची पेटी आहे, ती जड आहे. तिला आत घ्या.